स्टार्टिंग पिचर कधी काढायचा? मॅनेजरच्या जागी बसणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

बेसबॉलमध्ये सहाव्या इनिंगला (मॅचला नऊ असतात) स्टार्टरला, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरला, दोन हिट बसले की सगळे ओरडायला लागतात, काढ त्याला, काढ त्याला. मग मॅनेजर (टीमचा मुख्य कोच) बुलपेनला, म्हणजे बाकीचे पिचर बसतात तिथे, फोन करतो, तिथे सगळे अजून जॅकेट घालून बसलेले, कोणी उठून हात मोकळा करेपर्यंत तिसरा हिट बसतो आणि मॅच हातातून जाते. शिव्या कशाला पडतात तर "उशिरा काढला" याला. पण खरी चूक वीस मिनिटं आधीच झालेली असते, जेव्हा कोणालाही वॉर्म-अपला उठवलं नाही तेव्हा.

हा लेख तुम्ही हौशी टीम चालवत असाल, बेसबॉलची मॅनेजर गेम खेळत असाल किंवा एमएलबी (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग) बघताना मॅनेजरच्या आधी निर्णय घ्यायची खाज असेल, तर तुमच्यासाठी. नियम एमएलबीचे धरलेत, शेवटी लहान मुलांच्या टीमबद्दल वेगळं लिहिलंय.

क्रिकेट बघून आलेल्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यातून काढा. तिथे बॉलरला बाजूला केला तरी दहा ओव्हरनी परत आणता येतो. इथे काढलेला माणूस त्या मॅचपुरता संपला, डगआउटमध्ये बसून टाळ्या वाजवायच्या. (अपवाद आहे, स्टार्टर स्वतः डीएच (पिचरच्या जागी बॅटिंग करणारा) म्हणूनही लिहिलेला असेल तर 2022 पासून तो बॅटिंगला राहू शकतो, पण असे लोक ओहतानी सोडून किती आहेत?) त्यामुळे "जरा श्वास घेऊ दे, मग परत बघू" हा पर्यायच नाही.

## टप्पा 1: मॅचच्या आधीचा कागद

कागद खरंच करा, डोक्यात ठेवू नका, कारण सहाव्या इनिंगला डोकं चालत नाही. तीन गोष्टी लिहायच्या.

आधी बुलपेन. काल कोण टाकून आलाय, परवा कोण, किती बॉल. सलग दोन दिवस टाकलेल्या माणसाच्या नावावर मी सरळ काट मारतो, तो स्वतः "मी ओके आहे" म्हणाला तरी. एमएलबीच्या 26 जणांच्या टीममध्ये पिचर जास्तीत जास्त 13, त्यातले पाच-सहा स्टार्टर धरले की बुलपेनमध्ये सात-आठ उरतात, आणि त्यातले आज खरंच वापरता येतील असे बऱ्याचदा चार किंवा पाचच. नावं कमी झाली की निर्णय आपोआप सोपा होतो.

मग समोरची लाइनअप, म्हणजे बॅटिंगचा क्रम. नऊ नावं, पुढे डावा की उजवा (डाव्या बॅटरला सहसा डावा पिचर जड जातो, उजव्याला उजवा). जिथे सलग दोन-तीन धोक्याचे बॅटर येतात तिथे कंस करा. मॅचमध्ये तुम्ही इनिंग मोजण्यापेक्षा हा कंस किती लांब आहे ते मोजणार आहात.

तिसरी गोष्ट म्हणजे स्टार्टरचे दोन आकडे. एक, किती बॉलनंतर बुलपेन उठवायचं. दोन, किती बॉलनंतर काहीही झालं तरी बाहेर. समजा 75 आणि 95. हे आकडे पिचरप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलतात. 13 एप्रिल 2022 ला डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने क्लेटन कर्शॉला सात इनिंग परफेक्ट (एकही बॅटर बेसवर न जाऊ देता) टाकून झाल्यावर 80 बॉलवर काढलं, लोकांनी डोकी फोडून घेतली, पण त्या वर्षी लॉकआउटमुळे (मालकांनी खेळाडूंशी वादात काम बंद ठेवल्यामुळे) स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव, छोटं झालेलं आणि त्याचा तो सीझनमधला पहिलाच स्टार्ट होता. ऑगस्टचे 80 आणि एप्रिलचे 80 एक नसतात.

तपासा: एकोणिसावा बॅटर कोण? नऊ दुणे अठरा, म्हणजे एकोणिसाव्यापासून लाइनअप तिसऱ्यांदा सुरू होते. बॅटरनी तोपर्यंत त्या पिचरचे सगळे बॉल दोनदा बघितलेले असतात आणि तिसऱ्या फेरीत ते सरासरीने जास्त मारतात, हे इतक्या वर्षांच्या आकड्यांतून पक्कं झालंय. एका इनिंगला साधारण चार-सव्वाचार बॅटर येतात असं धरलं तर हा एकोणिसावा पाचव्या इनिंगलाच उगवतो. बरेच जण सातव्या इनिंगची वाट बघत बसतात ते इथेच फसतात.

## टप्पा 2: पहिल्या दोन इनिंगमध्ये "आजचा नॉर्मल" लिहून घ्या

थकवा ओळखायचा तर ताजा असताना तो कसा होता ते माहीत पाहिजे, आणि तेही आजचं, मागच्या मॅचचं नाही. पहिल्या दोन इनिंगमध्ये फास्टबॉलचा वेग, बॉल सोडताना हात किती उंचीवर आहे, ब्रेकिंग बॉल (वळणारा, खाली पडणारा) कुठे पडतोय, दोन बॉलमध्ये तो किती वेळ घेतोय, एवढं टिपून ठेवा. रडार गन नसेल तर कॅचरला विचारा, ग्लोव्हमध्ये बॉल कसा येतोय ते त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही.

प्रत्येक इनिंगचे बॉल वेगळे लिहा. 15 च्या आसपास असेल तर ठीक. एकाच इनिंगला 30 गेले तर एकूण आकडा कमी दिसला तरी हात वापरला गेलाय. पाच इनिंग प्रत्येकी 15 म्हणजे 75, आणि तीन इनिंगमध्ये 12, 31, 32 म्हणजे पण 75, पण हे दोन पिचर एकसारखे थकलेले नाहीत. दुसऱ्याच्या बाबतीत बुलपेनचा फोन लवकर करायचा.

## टप्पा 3: खुणा कुठल्या क्रमाने दिसतात

हिट बसणं ही सगळ्यात शेवटची खूण. आधी बऱ्याच गोष्टी दिसतात, साधारण या क्रमाने:

1. वेळ. पिचर माउंडवर (तो उभा राहतो त्या उंचवट्यावर) फेऱ्या मारायला लागतो, रोझिन बॅग (पकडीसाठीची पावडर) उचलतो, टोपी नीट करतो. पिच क्लॉक आल्यापासून (बेस रिकामे असताना 15 सेकंद, रनर असताना 18) हे लपवणं अवघड झालंय. आधी आरामात बॉल टाकणारा आता दरवेळी शेवटच्या सेकंदाला टाकत असेल तर नोंद करा.
2. चुकीची दिशा. बॉल वाटेल तिकडे चुकत नाही, ठरावीक बाजूला चुकतो. हात खाली पडायला लागला की फास्टबॉल वर आणि हाताच्या बाजूला निसटतो, म्हणजे उजव्या पिचरचा उजव्या बॅटरच्या अंगाकडे. एखादा असा गेला तर सोडून द्या, एकाच बॅटरला दोन गेले तर कान टवकारा.
3. ब्रेकिंग बॉल तरंगतो. खाली पडायचा तो मध्येच उभा राहतो. स्ट्राइक मिळाला तरी ही वाईट बातमी आहे.
4. बॅटर खराब बॉलवर बॅट फिरवायचे थांबतात आणि फाउल (हद्दीबाहेर गेलेले फटके) सरळ मागे जायला लागतात. सरळ मागे गेलेला फाउल म्हणजे टायमिंग बरोबर होतं, बॉल थोडक्यात वाचला.
5. वेग. दीड-दोन मैल खाली, आणि तो सलग दिसला पाहिजे.
6. जोरात लागलेले बॉल, आउट झाले तरी. 95 मैलांच्या वर निघालेला बॉल फिल्डरच्या हातात गेला हे नशीब, पिचिंग नाही.

सावधान: उलटपण करू नका. सॉफ्ट ग्राउंडर (जमिनीवरून हळू गेलेले फटके) फिल्डरच्या मधून निसटून दोन सिंगल (एका बेसचे हिट) झाले आणि वरच्या यादीतलं काहीच दिसत नसेल, तर त्याला राहू द्या. स्कोअरबोर्ड बघून घाबरणारा मॅनेजर सीझनभर बुलपेन जाळतो.

## टप्पा 4: बुलपेनचा फोन, सगळी मेख इथे आहे

रिलीव्हर, म्हणजे स्टार्टरनंतर येणारा पिचर, थंड हाताने येऊ शकत नाही. बहुतेकांना वीस-पंचवीस बॉल लागतात, काहींना कमी, म्हणजे पाचेक मिनिटं धरा. आता उलटं मोजा. एक बॅटर साधारण चार बॉल खेळतो, पुढचा येईपर्यंतचा वेळ धरून दोनेक मिनिटं जातात. म्हणजे तुमचा माणूस ज्या बॅटरसमोर हवाय त्याच्या किमान तीन बॅटर आधी तो उठलेला पाहिजे. कागदावरचा कंस तिसऱ्या नंबरपासून सुरू होतो? मग नववा नंबर बॅटिंगला येतोय तेव्हाच फोन.

आणि इथे एक सापळा आहे. पिचरला मार पडतो तेव्हा बॅटर चार बॉल खेळतच नाहीत, पहिल्याच बॉलवर मारतात. ज्या तीन बॅटरना तुम्ही सहा मिनिटं धरली होती ते तीन मिनिटांत बेसवर उभे असतात. म्हणून "एक हिट बसला की उठवतो" हे गणित बसतच नाही. सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे तुमची टीम बॅटिंग करत असते तेव्हाचा, शंका असेल तर तेव्हाच उठवा, कोणाला घाईही होत नाही.

फोनवर नाव आणि परिस्थिती दोन्ही सांगा: "लेफ्टी हलकं सुरू कर, दुसरा नंबर बेसवर आला तर पूर्ण." नुसतं "कोणीतरी उठा" सांगितलं तर बुलपेन कोच दोघांना उठवतो आणि एक हात फुकट जातो.

नेहमीची चूक: एकालाच तीन वेळा उठवून बसवणं. हे बॉल कुठल्याही स्कोअरकार्डात येत नाहीत पण हात ते मोजतो. तीनदा उठवला आणि आणला नाही तरी तुमच्या कागदावर तो "आज टाकला" असाच लिहा, उद्या जपून.

## टप्पा 5: निर्णय, आणि त्यासाठी विचारायचा प्रश्न

"हा थकलाय का?" एवढ्याने काम होत नाही. थकलेला चांगला पिचरसुद्धा ताज्या मध्यम पिचरपेक्षा बरा असू शकतो. विचारायचं हे: पुढच्या तीन बॅटरसाठी, आत्ता या क्षणी, माउंडवरचा बरा की बुलपेनमध्ये तयार असलेला? तीनच का, कारण 2020 पासून एमएलबीत आलेल्या पिचरने किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग संपवायची, दुखापत किंवा आजारपण सोडून. म्हणजे तुम्ही एका बॅटरसाठी माणूस आणत नाही, तिघांसाठी आणता.

उदाहरण घ्या. सहावी इनिंग, 3-2 ने पुढे, एक आउट, पहिल्या बेसवर रनर, तुमचा उजवा स्टार्टर 84 बॉलवर. पुढे डावा, उजवा, उजवा, तिघेही तिसऱ्यांदा येतायत. बुलपेनमध्ये एक डावा आणि एक उजवा तयार. घाईत मॅनेजर डाव्या बॅटरसाठी डावा पिचर आणतो, त्याने तो एक काढला, पण आता दोन आउटवर तोच डावा पिचर दोन उजव्यांसमोर अडकला. मी इथे उजवा आणेन, डाव्या बॅटरला जपून टाकायला सांगेन, वॉक (चार खराब बॉलमुळे बॅटरला फुकट पहिला बेस) झाला तरी चालेल, कारण खरी लढाई पुढच्या दोघांशी आहे. आता हेच दोन आउट असते तर हिशोब बदलतो: डावा पिचर, डावा बॅटर, तो आउट झाला की इनिंग संपली आणि पुढच्या इनिंगला नवीन माणूस आणायला तुम्ही मोकळे. पण तो बॅटर बेसवर गेला तर तुमचा डावा अडकला, तेव्हा ही चाल खेळायची तर त्या पिचरचा वॉक देण्याचा स्वभाव नको.

"अजून एकच बॅटर बघू" ही चूक. इनिंग संपताना शंका असेल तर बदल तिथेच करा, रिकामे बेस घेऊन आलेला रिलीव्हर एक चूक पचवू शकतो. 2015 च्या वर्ल्ड सिरीजचा (एमएलबीची फायनल) पाचवा गेम बघा, मेट्स विरुद्ध रॉयल्स. मेट्स 2-0 ने पुढे, मॅट हार्वी आठ इनिंग आणि 102 बॉल टाकून आलेला, मॅनेजर टेरी कॉलिन्सने त्याला काढायचं ठरवलेलं, हार्वी डगआउटमध्येच अडून बसला आणि कॉलिन्सने ऐकलं. नवव्या इनिंगला पहिला बॅटर लोरेन्झो केन, वॉक. तरी ठेवला. मग एरिक हॉस्मरचा डबल (दोन बेसचा हिट), एक रन. मग कुठे रिलीव्हर फॅमिलिया आला, आणि तो आला तेव्हा बरोबरीचा रनर दुसऱ्या बेसवर उभा. 2-2, बाराव्या इनिंगला रॉयल्स 7-2. नववीला पाठवणं एक वेळ समजू शकतो, पण वॉकनंतर थांबणं नाही. "एक बॅटर" म्हणून पाठवलंय ना, मग तो एक झाल्यावर तरी काढा.

कोण येणार हेसुद्धा निर्णयाचाच भाग. 2020 ची वर्ल्ड सिरीज, सहावा गेम. डॉजर्सविरुद्ध रेज 1-0 ने पुढे, त्यांचा स्टार्टर ब्लेक स्नेल 73 बॉल, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), वॉक नाही. ऑस्टिन बार्न्सने सिंगल मारला आणि मॅनेजर केविन कॅशने त्याला काढलं, कारण पुढे मूकी बेट्सपासून लाइनअप तिसऱ्यांदा येत होती. बेट्स, सीगर आणि टर्नर हे पहिले तिघे त्या रात्री स्नेलसमोर सहा वेळा येऊन सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. आत आला निक अँडरसन, जो आधीच्या सहा मॅचमध्ये प्रत्येक वेळी रन देऊन आलेला. बेट्सचा डबल, वाइल्ड पिच (कॅचरला न आवरलेला बॉल), बरोबरी, मग सीगरच्या ग्राउंडरवर बेट्स घरी, म्हणजे अजून एक रन. डॉजर्स 3-1. लोक अजून म्हणतात कॅशने आकड्यांचं ऐकलं म्हणून हरला. माझं मत वेगळं. तिसऱ्या फेरीचं गणित खरंच होतं, पण ते गणित सरासरी रिलीव्हर धरून चालतं आणि आलेला माणूस त्या महिन्यात सरासरीही नव्हता.

आता त्याच्या आदल्या वर्षीच्या, 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा गेम, ह्यूस्टन विरुद्ध नॅशनल्स. ह्यूस्टन 2-1 ने पुढे, त्यांचा स्टार्टर झॅक ग्रिंकी 80 बॉल, रेंडॉनचा होम रन आणि सोटोला वॉक, मॅनेजर ए. जे. हिंचने काढलं. आत आलेला विल हॅरिस सीझनभर भारी टाकलेला, त्याच्या बॉलवर हावी केंड्रिकने उजव्या फाउल पोलला लागलेला होम रन मारला. नॅशनल्स 6-2. इथे मी हिंचला फार दोष देणार नाही, चांगला माणूस आणला आणि त्याला मारलं, असं होतं. दोन्हीचा निकाल सारखा, निर्णयाची प्रत सारखी नाही.

## टप्पा 6: माउंडवर जाताना

ठरवून जा. तिथे जाऊन ठरवायचं नाही.

पिचरला "कसं वाटतंय?" विचारून काही मिळत नाही, उत्तर ठरलेलं असतं. 16 ऑक्टोबर 2003, बॉस्टन-यँकीज सातवा गेम, आठवी इनिंग, बॉस्टन 5-2 ने पुढे. जीटरचा डबल, बर्नी विल्यम्सचा सिंगल, 5-3, बॉस्टनचा पेद्रो मार्टिनेझ 115 बॉलवर. त्यांचा मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेला, पेद्रोने अजून दम आहे सांगितलं, लिटल परत फिरला. बुलपेनमध्ये डावा अ‍ॅलन एम्ब्री तयार, समोर डावा मात्सुई. मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, 5-5. अकराव्या इनिंगला यँकीजच्या एरन बूनने होम रन मारून संपवलं. त्या सीझननंतर लिटलची नोकरीही गेली. विचारायचंच असेल तर कॅचरला विचारा, तेही दोन इनिंगच्या मध्ये, डगआउटमध्ये, पिचर ऐकत नसताना.

नियम पाठ करा, यात लोक फार गोंधळतात:

- एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे मॅनेजर किंवा कोच दुसऱ्यांदा गेला की पिचरला काढावंच लागतं. पहिल्यांदा पिचिंग कोच जाऊन आला असेल तरी तो धरला जातो.
- तोच बॅटर खेळत असताना दुसरी फेरी मारताच येत नाही.
- एमएलबीत 2024 पासून मॅचला चार व्हिजिट (माउंडवरच्या फेऱ्या), कॅचर उठून गेला तरी मोजतात. पिचर बदलायला गेलात तर त्या चारात धरत नाहीत.

तपासा: वेळ काढायला कोचला पाठवताय? मग त्या इनिंगमधला पुढचा फेरा म्हणजे बदल, आणि बुलपेनचा माणूस तोपर्यंत खरंच तयार असेल का? तयार नसेल तर आधी कॅचरला पाठवा, त्याच्या जाण्याने पिचर काढायची सक्ती होत नाही, फक्त चारातली एक व्हिजिट जाते.

माउंडवर पोचलात की बॉल मागा, पाठीवर थाप, एक वाक्य, संपलं.

## टप्पा 7: बदल केल्यावर

काम संपलेलं नसतं. रिलीव्हर आत आला की लगेच त्याच्या नंतरचा कोण ते ठरवा, आणि आधीचा फसला तर तीन बॅटर संपेपर्यंत तो उठलेला असेल याची सोय करा.

मागे राहिलेले रनर घरी आले तर रन स्टार्टरच्या नावावर जातात. त्यामुळे नुसता ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर पडणाऱ्या रनची सरासरी) बघून "रिलीव्हरने काही दिलं नाही" म्हणू नका, त्याने स्टार्टरचे रनर घरी येऊ दिलेले असू शकतात. उलट बाजूने, पाच इनिंग पूर्ण झाल्याशिवाय स्टार्टरला विन (विजयाचं श्रेय) मिळत नाही म्हणून त्याला पाचव्या इनिंगला ओढत ठेवणारे मॅनेजर आहेत, दोन आउट झालेत, 4-3 स्कोअर, बेस भरलेले, तरी "बिचाऱ्याला विन मिळू दे". टीमने हरून त्याला काय मिळणार?

मॅच झाल्यावर कागदावर तीन ओळी लिहा: फोन कधी केला, बदल कधी केला, त्या वेळी दुसरा पर्याय कोण होता. निकाल वेगळ्या रंगात लिहा, म्हणजे पुढच्या वेळी वाचताना दोन्ही मिसळणार नाही.

## लहान मुलांची टीम असेल तर

वरचं सगळं बाजूला ठेवा, इथे आकडा राजा. एमएलबी आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट गाइडलाइननुसार दिवसाची मर्यादा: 7-8 वर्षांना 50 बॉल, 9-10 ला 75, 11-12 ला 85, 13 ते 16 ला 95, 17-18 ला 105. त्यानंतर विश्रांती, 14 पर्यंतच्या मुलाने 66 किंवा जास्त बॉल टाकले तर चार दिवस पूर्ण सुट्टी. फायनल असो नाहीतर मुलाचे वडील कुंपणापाशी ओरडत असोत, आकडा हलत नाही.

मोजणारा माणूस वेगळा ठेवा, कोचने स्वतः मोजू नये, तो विसरतो किंवा सोयीने विसरतो. आणि काढलेल्या मुलाला लगेच कॅचर म्हणून बसवू नका, ही चूक सर्रास होते कारण टीममधला ज्याचा हात सगळ्यात चांगला तोच दोन्ही कामं करत असतो. कॅचर प्रत्येक बॉल परत फेकतो. लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलची संस्था) तर 41 किंवा जास्त बॉल टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर होताच येत नाही, त्याला फर्स्ट बेसवर पाठवा.